कोंबडा कुणीकडे बघत होता

१

पालिकेचा कोंबडा चोरीला गेला, ही बातमी मला ऑफिसच्या पायरीवरच कळली.

कोंबडा म्हणजे खरा नव्हे. वाचनालयाच्या गच्चीवर हवा मोजायचं यंत्र बसवलेलं आहे आणि त्याच्या शेजारी लोखंडी खांबावर वाऱ्याची दिशा सांगणारा बाण. सामानाच्या यादीत त्याचं नाव ‘वातकुक्कुट’. असलं नाव रोज कोण घेणार? पहिल्याच आठवड्यात त्याचा कोंबडा झाला. मी पोलीस ठाण्यात फोन करून आमचा कोंबडा कोणी नेला म्हणून विचारलं, तेव्हा तिकडच्या माणसाने पालिकेला कोंबड्या पाळायची परवानगी आहे का, असं मलाच विचारलं. मी फोन ठेवून दिला.

एरवी मीही हसलो असतो. पण दुसऱ्या दिवशी सुनावणी होती, आणि त्या सुनावणीत एका बाईची लॉन्ड्री बंद पडायची होती. वाचनालयाच्या पूर्वेला लॉन्ड्रीवाल्या काकूंचं बैठं घर आहे. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुतल्या जातात, पंधरावीस बायकांचं पोट त्यावर चालतं. वाफेसाठी मोठा बॉयलर आहे. यंत्र बसवल्यापासून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली होती. ऑफिसातल्या पडद्यावर ‘वारा – पूर्व’ असं आलं की हवेतल्या काजळीचा आकडा टुणकन उडी मारायचा. पूर्वेला काकूंचं धुराडं, म्हणजे उघडच आहे, असं म्हणून आमच्या मुख्याधिकारी साहेबांनी बॉयलरला सील का ठोकू नये अशी नोटीस काढली. ती टाइप मीच केली. मी त्यांचा लेखनिक आहे, टाइप करणं हेच माझं काम.

आणि आता सुनावणीच्या तोंडावर नेमका कोंबडाच नाहीसा झाला होता.

“कोणाचा फायदा आहे ते बघा,” साहेब म्हणाले. उद्यापर्यंत बाण मिळाला नाही तर सील तर लागेलच, शिवाय काकूंविरुद्ध चोरीची फिर्यादही जाईल, असं त्यांनी सांगून टाकलं. साहेब वाईट माणूस नाहीत. गावातली मुलं खोकताना ऐकून त्यांना खरंच झोप लागत नाही. पण एकदा त्यांचं मत झालं की ते हलवायला क्रेन लागते.

चोर शोधायचं काम त्यांनी माझ्या ताईला दिलं. ताई वजनमापे निरीक्षक आहे आणि दक्षतेचा जादा कार्यभार तिच्या गळ्यात पडलेला आहे. जन्मभर तिने दुकानदारांचे तराजू तपासले. ऑफिसात मी तिला मॅडम म्हणतो, ती मला लेखनिकसाहेब म्हणते, आणि दोघांनाही आतून हसू येत असतं.

तिने साहेबांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“चोर शोधते, साहेब,” ती म्हणाली. “पण आधी कोंबडा खरं बोलत होता का, ते बघते.”

साहेबांची भुवई वर गेली. ज्या बाणाच्या भरवशावर अख्खी नोटीस उभी होती, त्याच्यावरच ही बाई शंका घेत होती.

२

वाचनालयाच्या गच्चीची किल्ली ग्रंथपालांच्या टेबलामागे खिळ्याला लटकलेली असते. ग्रंथपाल पुस्तकात डोकं घालून बसलेले असतात. आम्ही किल्ली घेतली, वर गेलो, खाली येऊन ती परत लटकवली, तरी त्यांनी मान वर केली नाही. किल्लीवरून चोर सापडणार नाही, हे ताईने तिथेच ठरवून टाकलं.

गच्चीवर यंत्र जागेवर होतं. शेजारचा खांब बोडका. ओरबाडल्याची, वाकवल्याची कसलीच खूण नव्हती. ताई गुडघ्यांवर बसली आणि चष्मा कपाळावर सरकवून तिने खांब जवळून पाहिला. बाण काढल्यावर नट पुन्हा आपापल्या बोल्टवर फिरवून ठेवले होते. गंजू नयेत म्हणून बोल्टच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली होती, नळ जोडताना गुंडाळतात ती. सुटी केलेली वायर लोंबत सोडलेली नव्हती. तिचं तोंड खाली करून, पाणी शिरू नये असं बांधून ठेवलं होतं.

“नळाची टेप,” मी म्हटलं. “ताई, लॉन्ड्रीत पाइपांशिवाय दुसरं काय आहे? साहेब बरोबर बोलत होते.”

“तुझे साहेब नेहमीच बरोबर बोलतात, म्हणून तर तुला पगार मिळतो,” ती म्हणाली आणि उठून साडी झटकली. “पण मला एक सांग. पुरावा नष्ट करायला आलेला माणूस नट हरवू नयेत म्हणून जपतो का?”

आम्ही लॉन्ड्रीकडे निघालो. चालताना ताई हळू आवाजात बोलली. ज्याने बाण नेला, त्याला तो फेकायचा नव्हता. त्याला तो कधीतरी पुन्हा इथेच बसवायचा होता.

३

लॉन्ड्रीत शिरताच माझी नजर बॉयलरजवळच्या फळीवर गेली. तिथे पांढऱ्या टेपची अर्धी संपलेली गुंडाळी पडली होती. मी ताईला कोपराने ढोसलं. तिने माझ्याकडे लक्षच दिलं नाही.

काकू साठीच्या पुढच्या, बोलताना हात सतत ओले. नोटीस आल्यापासून त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं हे चेहऱ्यावरच दिसत होतं. त्यांनी सांगितलेलं बरंचसं मला ठाऊक होतं, पण एक गोष्ट मी विसरलो होतो आणि ती ऐकून मला कसंतरीच झालं. धुराची पहिली तक्रार काकूंचीच होती. धुतलेल्या चादरी काळ्या होतात, दवाखाने माल परत पाठवतात, काहीतरी करा, म्हणून त्या पालिकेत खेटे घालत होत्या. त्यांच्या त्या तक्रारीवरूनच यंत्र आलं. त्यांनी बॉयलरला काजळी पकडणारी जाळी बसवली, ती दर आठवड्याला साफ करतात, आणि बॉयलर एकही दिवस बंद नसतो.

“तक्रार माझी आणि आरोपीही मीच,” त्या म्हणाल्या. “उद्या सील लागलं तर या बायकांना मी काय सांगू? तक्रार केली म्हणून कामावरून गेलात, असं?”

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

ताईने वर जाऊ का म्हणून विचारलं. लॉन्ड्रीच्या गच्चीवर पूर्वेच्या टोकाला धुराडं आणि बाकी सगळीकडे दोऱ्या. एका दोरीवर चार चादरी होत्या. आदल्या दिवशी पडद्यावर ‘पूर्व’ होतं आणि हवा घाण होती. काकूंनी मुद्दाम स्वच्छ चादरी वाळत टाकल्या आणि सुनावणीत दाखवायला म्हणून तशाच ठेवल्या होत्या. साहेब त्यावर काय म्हणणार हे मला माहीत होतं. तुमच्याच धुराड्याची काजळी, बाई.

ताई चादरीच्या या बाजूला गेली, त्या बाजूला गेली. पर्समधून पांढरा रुमाल काढून तिने आधी एका बाजूने पुसलं, मग रुमालाची घडी बदलून दुसऱ्या बाजूने. दोन्ही घड्या शेजारी शेजारी धरून ती बराच वेळ बघत राहिली. धुराड्याकडची बाजू जवळजवळ पांढरी होती. वाचनालयाकडची बाजू राखेत लोळल्यासारखी.

मला अजून काही उलगडलं नव्हतं. धुराडं पूर्वेला, काजळी पश्चिमेच्या अंगाला, हे कसं?

“काकू, या चादरींना हात लावू नका,” ताई म्हणाली. “उद्या त्यांची साक्ष आहे.”

४

वाचनालयाच्या पश्चिमेला पालिकेच्याच रस्ते विभागाचं आवार आहे. तिथे रस्त्यांसाठी डांबर तापवतात, लोखंडी पिंपांखाली लाकडं पेटवून. ताईने तिकडे पाय वळवले तेव्हा मी विरोध केला. वारा पूर्वेचा असताना पश्चिमेचा धूर गावात येईलच कसा? शाळेतल्या पोरालाही कळतं. ताई म्हणाली, चल तर खरं.

आवाराचे मुकादम अघळपघळ, हसतमुख. त्यांनी आम्हाला केबिनमध्ये बसवलं. केबिन आवाराच्या पार मागच्या, पश्चिमेच्या भिंतीला चिकटून आहे आणि पिंपं पुढच्या बाजूला, गावाकडे. मुकादमांना साहेबांचं फार कौतुक. गावावर धूर जाऊ नये म्हणून साहेबांनी नियमच घालून दिला होता. वारा पूर्वेचा असेल, म्हणजे गावाकडून बाहेर वाहत असेल, त्याच दिवशी डांबर तापवायचं. ऑफिसातून सकाळी फोनवर ‘पूर्व’ असा मेसेज येतो, मग लाकडं पेटतात. ‘पश्चिम’ आला तर सुट्टी.

“नियम एकदम पक्का,” मुकादम म्हणाले. “‘पूर्व’ आला की आम्ही दिवसभर डांबर तापवतो, पण या केबिनमध्ये धुराची एक रेघ येत नाही. डोळ्यांना काही त्रास नाही.”

ताईने खिडकीतून पिंपांकडे पाहिलं, मग वाचनालयाकडे. आणि ‘पश्चिम’चा मेसेज येतो त्या दिवशी, तिने विचारलं, इथे बसून कसं वाटतं?

“त्या दिवशी तर मजाच. काम नाही, आणि लॉन्ड्रीचा साबणाचा मस्त वास येतो केबिनमध्ये.”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ताईने माझा हात इतक्या जोरात दाबला की शब्द घशातच राहिले.

५

बाहेर येईपर्यंत माझ्या डोक्यातही उजेड पडला होता. लॉन्ड्रीचा वास केबिनपर्यंत पोचतो तो वारा पूर्वेकडूनच आलेला असणार. पण पडदा त्या दिवशी ‘पश्चिम’ म्हणतो. आणि ‘पूर्व’च्या दिवशी मागच्या केबिनमध्ये धूर येत नाही, कारण तो सगळा गावाकडे गेलेला असतो, वाचनालयावरून थेट काकूंच्या चादरींवर. कोंबडा उलटा बोलत होता. आणि साहेबांचा नियम नेमके धूर गावावर येईल तेच दिवस निवडून डांबर पेटवत होता.

“पण मुद्दाम कोणी उलटा बसवेल?” मी विचारलं.

“मुद्दाम कशाला? तू कधी पाणीवाल्यांशी बोललायस का?”

पाणीवाले म्हणजे हवा कक्षाचे अभियंता. कक्ष नवा निघाला तेव्हा पाणीपुरवठ्यातून त्यांची बदली झाली. सगळी उमर जलवाहिन्यांत गेलेली, म्हणून हवेत येऊनही नाव पाणीवालेच राहिलं. यंत्रं बसवणं आणि नीट ठेवणं हे त्यांचं काम, आकड्यांवरून नोटिसा काढणं साहेबांचं. दोघांची गाठ जिन्यातच पडायची.

त्यांच्या खोलीच्या भिंतीवर अजून गावाच्या जलवाहिन्यांचा नकाशा होता. निळ्या रेघा, रेघांवर बाण. टेबलावर सुनावणीला हजर राहण्याचा निरोप आणि सोबत काकूंच्या नोटिशीची प्रत. ती त्यांना आदल्या दिवशी दुपारीच मिळाली होती. चोरीचं विचारल्यावर ते जमिनीकडे बघून, काही कल्पना नाही, म्हणाले. इतका प्रामाणिक माणूस इतकं वाईट खोटं बोलताना मी पाहिला नव्हता.

ताई नकाशाजवळ गेली. “हे बाण काय दाखवतात हो?”

“पाणी कुठे जातंय ते.” त्यांनी न विचार करता उत्तर दिलं. “दिशा म्हणजे तीच ना.”

मग त्यांची नजर टेबलावरच्या नोटिशीकडे गेली. त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

मला वाटलं आता ताई कपाट उघडायला लावेल. तिने तसं काही केलं नाही. उद्या सुनावणीत मला जे कळलंय ते मी सांगणार आहे, एवढंच ती म्हणाली. त्याआधी कोणाला स्वतःहून काही सांगायचं असेल तर बरं होईल. आणि ती चक्क बाहेर पडली.

मी जिन्यात तिच्यावर भडकलो. हातातला चोर सोडून दिलास, उद्या तो आलाच नाही तर काकूंचं काय, असं बरंच बोललो. ती म्हणाली, बाण आपण काढून घेतला तर हा जन्मभर चोर राहील. त्याने आणून दिला तर गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी सुनावणी सुरू झाली तेव्हा सगळे आले होते. पाणीवाल्यांची खुर्ची रिकामी होती.

६

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि बाण मिळाला का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे सीलच्या हुकुमासाठी हात केला. कागद माझ्यापुढेच होता. मी तो दिला नाही. नोकरीत पहिल्यांदाच मी साहेबांचा हात तसाच राहू दिला.

ताई उभी राहिली. तिने टेबलावर चादर पसरली, दोन्ही बाजू दाखवल्या. लॉन्ड्रीचं धुराडं कुठे आणि काजळी कुठल्या अंगाला, हे साहेबांनाच बोट ठेवून सांगायला लावलं. मग मुकादमांना त्यांच्या केबिनचं विचारलं. मुकादमांनी धूर न येण्याचं आणि साबणाच्या वासाचं तितक्याच आनंदाने पुन्हा सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांचाच चेहरा उतरत गेला.

“म्हणजे ‘पूर्व’ दिसतं तेव्हा वारा पश्चिमेकडून येत असतो, साहेब,” ताई म्हणाली. “आणि लॉन्ड्रीकडून खरंच वारा येतो ते दिवस पडद्यावर ‘पश्चिम’ म्हणून आहेत. त्या दिवसांचा काजळीचा आकडा बघा. बॉयलर रोज पेटतो, तरी हवा स्वच्छ आहे. तुमच्या यंत्राने काकूंना कधीच निर्दोष सोडलंय.”

साहेबांनी चष्मा काढला. हे सगळं अंदाजाचं आहे, बाण कुठे आहे, असं ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. बाणाशिवाय सिद्ध होत नाही हे खरंच होतं. ताई पहिल्यांदाच दाराकडे बघू लागली. ती कोणाची वाट बघतेय हे मला सख्ख्या भावाला कळलं.

तेवढ्यात दार उघडलं. पाणीवाले आत आले. छातीशी टॉवेलात गुंडाळलेला कोंबडा धरला होता. तो त्यांनी अलगद टेबलावर ठेवला आणि उभ्यानेच बोलायला लागले.

“मी नेला होता. मीच बसवला होता आणि मीच नेला. खालच्या बैठकीवर ‘उत्तर’ अशी खूण आहे, ती मी दक्षिणेला फिरवून बसवली. मला वाटलं, दिशा म्हणजे वारा कुठे जातोय ती. पाण्यात असंच असतं. पडद्यावर ‘पूर्व’ आलं की वारा पूर्वेला चाललाय, असंच मी समजत होतो. नोटीस वाचली तेव्हा त्यात ‘पूर्वेचा वारा’, म्हणजे पूर्वेकडून येणारा, असं लिहिलेलं दिसलं.”

ताईने पाण्याचा ग्लास सरकवला. सुनावणीत कोणी गच्चीवर जाऊन पाहिलं तर सगळ्यांदेखत आपली लाज निघेल, या भीतीने त्यांनी बाण काढला होता. बाण नसला की सुनावणी पुढे ढकलली जाईल, काकू वाचतील आणि आपणही वाचू, असा त्यांचा भाबडा हिशेब. आपल्यामुळे काकूंवरच चोरीचा आळ येईल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. रात्रभर झोप नव्हती, सकाळी ऑफिसच्या दारापर्यंत येऊन दोनदा परत फिरले, असं त्यांनी सांगितलं.

साहेबांनी कोंबडा हातात घेतला, उलटा करून खूण पाहिली, परत ठेवला. त्या एका शब्दाला त्यांनी स्वतः ‘चा’ जोडला होता. पडद्यावर नुसतं ‘पूर्व’ होतं. त्याचा अर्थ कुणाला तरी विचारायला हवा होता, असं ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. मग ते उठले आणि हात जोडून काकूंकडे वळले. नोटीस मागे घेतली आहे, तुमचा बॉयलर निर्दोष आहे आणि आमचं चुकलं, इतकं त्यांनी सरळ सांगितलं. मला त्या क्षणी साहेबांचा अभिमान वाटला.

काकूंना आधी विश्वासच बसेना. त्यांनी तेच पुन्हा सांगायला लावलं आणि मग पदराने डोळे पुसले. साहेबांनी विचारलं, यांच्यावर काय कारवाई व्हावी असं तुम्हाला वाटतं? पाणीवाल्यांनी मान खाली घातली.

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता बरसणार. बरसायचा त्यांना हक्क होता.

“त्यांना तिथेच ठेवा,” त्या म्हणाल्या. “यांना आता वारा कळलाय. नवा माणूस आणाल, तो नव्याने चुकेल आणि त्या चुकीत पुन्हा मीच सापडेन.”

ताई खो खो हसली. दक्षता अधिकाऱ्याला न शोभेल इतकी मोठ्याने. मग सगळेच हसले, पाणीवालेसुद्धा, डोळे पुसत पुसत. खुलासा लेखी द्या, पगारवाढ वर्षभर थांबेल, आणि बाण आजच नीट बसवा, असं साहेबांनी सांगितलं. पाणीवाले कोंबडा घेऊन जवळजवळ धावतच गेले.

सगळे पांगल्यावर साहेबांनी मला बसायला सांगितलं. नवी नोटीस टाइप करायची होती. उघड्यावर लाकूड जाळून डांबर तापवणं आजपासून बंद. बंदिस्त भट्टी आणि धूर गाळायची सोय झाल्याशिवाय पुन्हा सुरू करायचं नाही. दुसऱ्या कुणाच्या कारखान्याला लावली असती तीच भाषा, एक शब्दही मऊ नको, असं त्यांनी बजावलं. मी टाइप केलं. पाठवणार मुख्याधिकारी. घेणार रस्ते विभागाचे प्रमुख.

“साहेब,” मी म्हटलं, “प्रमुखांची जागा तर रिकामी आहे. तिचा कार्यभार तुमच्याकडेच आहे. पोच कोण देणार?”

त्यांनी पाठवणाऱ्याच्या जागी सही केली. कागद माझ्या हातात दिला, पुन्हा मागून घेतला आणि खाली ‘मिळाली’ असं लिहून दुसरी सही केली. मग फोन उचलून मुकादमांना लावला आणि पिंपांखालची सगळी लाकडं आत्ताच्या आत्ता काढून टाकायला सांगितली.

पलीकडून मुकादमांनी सवयीने काहीतरी विचारलं असावं.

“वारा कुठलाही असू दे,” ते म्हणाले.